वटवाघळांसाठी एकशेवीस किलोमीटर

पायापेक्षा एक नंबर मोठे बूट.

माळ्यावर उलटी लटकलेली दोनशे बारा वटवाघळं (मोजून).

'दाजी, कुठवर आलात?' मेव्हण्याचा फोन, सकाळपासून सातवा.

चारशे विटा. वाळू वेगळी.

माणसाची भूतदया अथांग असते. फक्त तिचा दर ठरवताना समोरचा किती चालेल, याचा अंदाज घ्यावा लागतो. वटवाघूळ बचाव समितीने तो घेतला होता. रेकॉर्ड रूमवरच्या माळ्याची खिडकी महिनाअखेर विटांनी बुजवायची, असं कंपनीने ठरवलं होतं. समितीने माळा वर्षभर भाड्याने घेतला, तरच ती उघडी राहणार होती. म्हणून ही पदयात्रा. पाच दिवस, एकशेवीस किलोमीटर, आणि प्रत्येक देणगीदाराने दर किलोमीटरला स्वतः लिहिलेला आकडा द्यायचा.

चालायला निवडले गेले कंपनीचे रेकॉर्डकीपर. निकष तीन: वय छप्पन्न, पोट पुढे, पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्ट. (त्यांना वटवाघळं आवडत, ही बाब निकषात बसत नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही.) वीस वर्षं रोज संध्याकाळी फायली बांधून झाल्या की ते खिडकीखाली उभे राहून बाहेर पडणारी वटवाघळं मोजत. एखादं कमी भरलं, तर त्यांना जेवण जात नसे.

हा माणूस तिसऱ्या किलोमीटरला रिक्षा करणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं, म्हणूनच आकडे एवढे उदार होते. मेव्हण्याने पाचशे लिहिले. अध्यक्षबाईंनी हजार, खाली लफ्फेदार सही.

पहिल्या दिवशी रेकॉर्डकीपर चोवीस किलोमीटर चालले.

देणगीदारांत चिंतेचं वातावरण पसरलं. एकोणतिसाव्या किलोमीटरला मेव्हणा स्कूटर घेऊन हजर.

'दाजी, ताई रडतेय घरी.'

'आत्ताच बोललो तिच्याशी. म्हणाली, चार दिवस येऊच नका, घर रंगवून घेते.'

'अहो, गुडघे बघा तुमचे! या वयात गुडघा गेला म्हणजे गेला.'

'पाचशेचे अडीचशे करायचेत का तुला?'

'छे छे! शब्द म्हणजे शब्द. पण मागे बसा ना जरा, चहा घेऊन येऊ.'

रेकॉर्डकीपर पुढे निघाले. त्यानंतर सरासरी दर अर्ध्या किलोमीटरला एक हितचिंतक भेटू लागला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची जमा अशी: मलमाच्या ट्यूबा अकरा, गुडघ्याचे पट्टे सात, घरी सोडायला तयार गाड्या नऊ.

अडतिसाव्या किलोमीटरला अध्यक्षबाई माइक, खुर्ची आणि प्रमाणपत्र घेऊन उभ्या होत्या. ठराव आधीच टाइप झाला होता: पदयात्रा प्रतीकात्मकरीत्या पूर्ण झाली असून यापुढील अंतर हा संबंधितांचा खासगी फेरफटका समजण्यात यावा. एकमताने मंजूर.

'पण माळ्याचं भाडं?' रेकॉर्डकीपर म्हणाले.

'जनजागृती झाली ना, सर!'

टाळ्या झाल्या. रेकॉर्डकीपर उरलेले ब्याऐंशी किलोमीटर चालले. खासगीत.

अडतीस किलोमीटरांत भाड्याचा तिसरा हिस्सादेखील निघाला नाही. ते परतले तेव्हा गवंडी खिडकीखाली सिमेंट कालवत होता.

'अंधार पडेपर्यंत थांबता का?' रेकॉर्डकीपर म्हणाले. 'सगळी बाहेर पडू देत.'

'हजेरी सहापर्यंतचीच धरतात, साहेब.' गवंड्याने थापी खाली ठेवली. 'बरं. थांबतो.'

(समितीच्या अहवालात या थांबण्याची नोंद नाही.)

दोनशे बारा भरली. मग गवंड्याने पहिली वीट लावली.

एकोणतिसाव्या किलोमीटरच्या आसपास तुम्हालाही वाटलंच असेल, की झालं तेवढं पुष्कळ, बिचाऱ्याने आता बसावं. असं वाटलेल्या सर्वांचे समितीने अहवालाच्या शेवटच्या पानावर 'सक्रिय समर्थक' म्हणून आभार मानले आहेत.

निघायच्या आठवडाभर आधी हाडांच्या डॉक्टरांनी रेकॉर्डकीपरना तपासून लिहून दिलं होतं: दोन्ही गुडघे उत्तम.