हात हलवायचा नाही

शुक्रवारच्या सामन्यात टकर ह्रुबीने चेंडू झेलला, समोरच्या पोरांना चकवत साठ यार्ड पळाला आणि शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन अभिमानाने मागे वळला. बघतो तर पंच अजून पहिल्याच जागी उभा, शिट्टी फुंकतोय. चेंडू हवेत असताना टकरने प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या एल्सीआजीला हात हलवून दाखवला होता. आता खेळाच्या नियमात त्या हाताचा अर्थ एकच: मी फक्त झेलणार, पळणार नाही, तेव्हा मला कुणी धक्का लावू नका. साठ यार्ड पाण्यात गेले आणि सामनाही गेला.

सोमवारी सरावाला व्हर्नन सेडलाचेक मैदानावर आला तो तोंड पाडूनच. व्हर्नन आमच्या ड्राय फोर्कचा टपालवाला, वय चोपन्न, एकटा जीव. आमच्या गावात अकरा पोरं गोळा होत नाहीत, म्हणून आम्ही आठ जणांचा अमेरिकन फुटबॉल खेळतो, चेंडू हातात घेऊन पळायचा तो. त्या आठांना पंट परतवायला शिकवणं, म्हणजे समोरच्यांनी लाथेने आभाळात उडवलेला चेंडू झेलून उलट पळायला शिकवणं, एवढं एकच बिनपगारी खातं व्हर्ननकडे होतं. आणि नेमकं तेच बोंबललं होतं.

"कोपरं आत घे," तो टकरला सांगत होता. "हातांचा पाळणा कर, छातीशी. आणि नजर चेंडूच्या टोकावर. टोक खाली वळलं की चेंडू लांब जाणार, मागे सर. टोक वरच राहिलं की आखूड पडणार, पुढे धाव. काय?"

"कळलं, कोच."

चेंडू उडाला. टोक वळलं, टकर बरोबर मागे सरला, हातांचा पाळणा अगदी बघत राहावा असा झाला. तेवढ्यात मैदानाशेजारच्या रस्त्यावरून ऑटो ब्रांटचा ट्रॅक्टर गेला. ऑटोने हात केला, टकरचा हात वर गेला, आणि चेंडू टणकन त्याच्या हेल्मेटवर आपटला.

"अरे, तो कोण लागतो तुझा?"

"कोणी नाही, कोच. ऑटोकाका आहेत. त्यांनी हात केला."

"मग?"

"मग न करून कसं चालेल?"

आमच्याकडे समोरून आलेल्या गाडीला स्टिअरिंगवरून दोन बोटं तरी उचलावीच लागतात. नाही उचलली तर माणूस परगावचा आहे किंवा आजारी आहे असं समजतात. पण शुक्रवारी गाठ प्लम व्हॅलीशी होती, आणि जिंकलं तरच बाद फेरी.

"पाच दिवस," व्हर्ननने फर्मान काढलं. "पाच दिवस कुणालाही हात करायचा नाही. एक बोटसुद्धा नाही."

"आजीलासुद्धा?"

"आजीला तर मुळीच नाही."

"मग तुम्हीपण नाही करायचा," टकर म्हणाला. "गावात सगळ्यात जास्त हात तुम्हीच हलवता."

पोरं फिदीफिदी हसली. आठही जण टक लावून बघायला लागले. व्हर्ननने शब्द दिला आणि तिथेच फसला.

मुख्य कोच मर्ल ओस्टमनला योजना पसंत पडली. त्याने फक्त एक अट घातली. "बाहेर कुठे बोलायचं नाही. पोरगा हात करतो हे प्लम व्हॅलीवाल्यांनी चित्रफितीत बघितलंच असणार. आपण सवय मोडतोय हे कळलं ना, तर गाडी भरून आज्या आणतील, हात हलवायला!"

मंगळवारी व्हर्नन टपाल घेऊन निघाला. त्याच्या वाटेवर एकशे एकतीस घरं. पहिलाच ऑटो, ओसरीवर बसलेला. त्याने हात केला. व्हर्ननने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि समोर बघत पुढे गेला. ऑटो बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसला आणि मग आत जाऊन बायकोला म्हणाला, "व्हर्ननचा उजवा हात गेला बहुतेक."

दुपारपर्यंत कॅफेत हात गेल्याचं पक्कं झालं. संध्याकाळपर्यंत डावाही गेला. व्हर्नन घरी आला तर दारात बटाटे, चीज आणि कोंबडी घालून भाजलेलं एक भांडं, झाकून ठेवलेलं. असं भांडं आमच्याकडे फक्त कुणी गेल्यावर किंवा जायच्या बेतात असल्यावर येतं. बुधवारी तीन भांडी आली. एकावर चिठ्ठी होती: धीर धर. चव चांगली होती, पण त्याला घास उतरेना.

त्याचं कारण लाव्हॉन.

लाव्हॉन टेपली धान्याच्या कोठारावर काट्याशी बसते. मक्याने भरलेले ट्रक काट्यावर येतात, ती वजन लिहून घेते. तिच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे. तिचं टपाल गावातल्या टपालकचेरीतल्या पेटीत येतं, त्यामुळे व्हर्ननला तिथे थांबायचं कधी कारणच पडलं नव्हतं. पण रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो तिथून जायचा, ती खिडकीतून हात वर करायची, तो हात हलवायचा आणि पुढची दहा घरं शीळ घालत करायचा. असं सहा वर्षं. हात सहज उचलला जायचा, तोंड मात्र उघडायचं नाही. या शनिवारी चर्चमध्ये बदक आणि डम्पलिंगचं वार्षिक जेवण होतं. व्हर्ननने ठरवलं होतं, या वर्षी काय वाट्टेल ते होवो, लाव्हॉनला विचारायचंच. आणि नेमक्या त्याच आठवड्यात हे व्रत!

मंगळवारी तिने हात वर केला. व्हर्ननने मन घट्ट करून समोर बघितलं. आरशात दिसलं, हात तसाच वर राहिला होता आणि मग हळूच खाली आला. बुधवारी तो खांद्यापर्यंतच उठला. गुरुवारी खिडकीचा पडदा ओढलेला होता.

गुरुवारच्या सरावाला व्हर्ननने टकरला बाजूला घेतलं. "घरी काय म्हणतात?"

"आजी बोलत नाही माझ्याशी. फादरना फोन करून सांगितलं, पोरगा वाया गेला. रात्री माझ्यापुढे नुसता पाव ठेवला."

"माझ्याकडे चार भांडी आहेत. जेवायला ये."

"कोच, सोडून देऊ या का?"

व्हर्ननला एक क्षण वाटलं, हो म्हणावं. पडदा ओढलेली ती खिडकी डोळ्यांपुढून हलत नव्हती. पण शब्द दिला होता. "एक दिवस राहिला रे," तो म्हणाला. "कोपरं आत."

आमच्या मैदानाला दिवे नाहीत, त्यामुळे सामना शुक्रवारी दुपारी. सगळं गाव आलं होतं आणि सगळं गाव फुगून बसलं होतं. एल्सीआजी हाताची घडी घालून पहिल्या रांगेत. टकर मैदानात उतरला, तिच्याकडे बघितलंही नाही. पंचाने नमस्कारासाठी हात उचलला, तर त्यालाही पोराने नुसती मान हलवली. व्हर्ननला भरून आलं. पोरगा सुधारला होता.

अर्धं मिनिट उरलं असताना आम्ही दोन गुणांनी मागे होतो. प्लम व्हॅलीवाले पंट मारायला उभे राहिले. आता टकरने झेलायचं आणि जीव खाऊन पळायचं, दुसरा इलाज नव्हता. आठवडाभर तोंड बंद ठेवलं ते याच क्षणासाठी.

पलीकडे प्लम व्हॅलीचा कोच ओरडत होता, "तो हात करील! आजीला करतो, ती खूण नव्हे! थांबू नका, सरळ आदळा!"

चेंडू उडाला. नेमकं त्याच वेळी व्हर्ननचं लक्ष समोरच्या कुंपणाकडे गेलं. तिथे लाव्हॉन उभी होती. मक्याच्या ऐन हंगामात, काटा सोडून! कामाचा कोट तसाच अंगात. तिने व्हर्ननकडे बघितलं आणि हात वर केला, अगदी थोडा, करू की नको अशा बेताने.

पुढचं व्हर्ननच्या हातात राहिलं नाही. म्हणजे हातातच होतं, पण हात ऐकेना. चार दिवस दाबून ठेवलेला तो हात डोक्याच्या वर गेला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत झुलायला लागला.

टकरने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. कोच हात हलवतायत. कोच, ज्यांनी पाच दिवस एक बोट उचललं नाही, ते आता हात हलवतायत, म्हणजे काहीतरी मोठा डाव असणार. आज्ञाधारक पोरगं. त्याने हात उंच करून हलवला, कोपरं आत घेतली आणि पाळणा केला.

प्लम व्हॅलीची दोन दांडगी पोरं थांबली नाहीत. कशाला थांबतील? आजीला हात करतोय, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं. धाडकन आदळली. टकर आडवा, शिट्टी, पंचाचा दंडाचा पिवळा रुमाल हवेत. झेलण्याची खूण केलेल्याला धडकल्याबद्दल पंधरा यार्ड दंड! टकर उठला, चेंडू छातीशी तसाच होता. त्या पंधरा यार्डांनी आम्ही रेषेच्या इतके जवळ आलो की पुढच्याच खेळीत आमचा जाडा बेन कोवार तीन जणांना अंगावर घेऊन पलीकडे पडला. जिंकलो.

मर्लने व्हर्ननला मिठीच मारली. "काय डोकं आहे रे तुझं! आठवडाभर सगळ्यांना येडं बनवलंस! त्यांना थांबता येणार नाही हे तुला ठाऊक होतं!"

"हं," व्हर्नन म्हणाला. त्याचं लक्ष कुंपणाकडे होतं. मागे एल्सीआजी टकरचे मुके घेत सगळ्यांना सांगत होती की आपला नातू लहानपणापासूनच हुशार. ऑटो ओरडत होता, "हात चालतोय! व्हर्ननचा हात चालतोय!"

व्हर्नन कुंपणाशी गेला. सहा वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या मध्ये काच नव्हती.

"हात शाबूत आहे म्हणजे," लाव्हॉन म्हणाली. "मला वाटलं, खरंच गेला. चार दिवस जीव थाऱ्यावर नव्हता माझा."

व्हर्ननने तिला सगळं सांगितलं. टकर, शब्द, आज्या, भांडी. ती हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हणजे तू मुद्दाम हात हलवत नव्हतास."

"हो ना. नाहीतर सहा वर्षांत कधी चुकवलाय का? तू हलवलास की मी हलवलाच."

"मी?" लाव्हॉन बघतच राहिली. "मी कधी हलवला हात?"

"रोज! नऊ वाजून दहाला!"

"अरे देवा! व्हर्नन, मी हात हलवत नव्हते. मी थांब म्हणत होते!"

व्हर्ननने आपला हात वर धरून निरखून पाहिला.

"पहिल्या दिवशी ऑटोचं एक पत्र चुकून माझ्या पेटीत आलं होतं. ते तुला द्यायला हात केला, तर तू हात हलवून निघून गेलास. मीच नेऊन दिलं शेवटी. मग म्हटलं, बिचारा रोज जातो, कॉफीला तरी थांबेल. रोज कॉफी करत होते, रोज थांब म्हणत होते, आणि तू आपला हसतोस, हात हलवतोस आणि पळतोस."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं. दोन कप करायचे आणि दोन्ही मीच प्यायचे. झोप उडालीय माझी."

चार दिवसांपासून व्हर्नन पोराला हेच शिकवत होता, वर गेलेल्या हाताचा अर्थ काय ते. मग त्याने घसा खाकरला. "उद्या चर्चमध्ये बदकाचं जेवण आहे."

"ठाऊक आहे. सहा वर्षं मी एकटीच जाते."

शनिवारी दोघं एकाच टेबलाला बसलेली सगळ्या गावाने पाहिली. येता-जाता जो तो त्यांना हात करत होता, आणि व्हर्ननचे दोन्ही हात जेवणात गुंतलेले. कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी खिडकीतला हात वर झाला. त्या दिवशी एकशे एकतीस घरांचं टपाल तासभर उशिरा पोचलं.