रवंथाची वेळ

आमच्या शेजारच्या सुभेदार आबांनी एका सकाळी दार वाजवलं आणि माझ्यावर चोरीचा आळ घेतला. मी अंगणात चादर वाळत घातली होती आणि तिची सावली त्यांच्या लिंबाच्या झाडावर पडत होती.

"सूनबाई, चादर काढ. झाड जेवतंय," आबा म्हणाले. "ऊन आलं की पानात सैपाक सुरू हुतो त्येचा. तू त्येच्या तोंडचा घास काढतीस."

"आवं आबा, एका चादरीनं झाड उपाशी मरतंय व्हय?"

"तुझ्या ताटावर कुणी चादर टाकली तर?"

मी चादर काढली. ती दिवसभर दमट राहिली, रात्री ह्यांना शिंका आल्या, आणि खापर पुन्हा माझ्याच डोक्यावर फुटलं.

कुंडल गावात आमचं आणि आबांचं अंगण सामाईक आहे. म्हणजे लिंबू आणि म्हैस त्यांची, ताप आमचा. सैन्यात त्यांनी उमेदीची वर्षं खेचरांच्या तुकडीत काढली. डोंगरावर सामान नेणारं खेचर काय खातं, कसं चावतं आणि मागून काय टाकतं, हे बघणं त्यांचं काम. निवृत्तीनंतर खेचरं तिकडेच राहिली आणि ती नजर आमच्या घरावर आली. गल्लीतून जाणाऱ्या कुणालाही ते "जय हिंद, पोट साफ?" असं खड्या आवाजात विचारतात. माणूस लाजला, की त्याचं पोट साफ नाही असं धरून चालतात.

"खेचराला एक पोट. म्हशीला चार खणांचं. आन् माणसाला एक हाय, ते बी धड न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उडते.

माझा भाऊ नोकरी सुटल्यावर काही महिने आमच्याकडे राहिला होता. आबांनी कुंपणावरची पिवळी अमरवेल त्याला बोटानं दाखवली. "हिला मूळ न्हाई, पान न्हाई. दुसऱ्याच्या अंगात नळ्या खुपसून वढती आन् जगती," असं म्हणून त्यांनी भावाकडे नुसतं बघितलं. भाऊ दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेला. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं, पण माहेरचा माणूस असा जावा हे बरं नव्हे.

नणंदेच्या मुलीला बघायला विट्याची मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा तर कहर झाला. मुलाकडचे पोहे खात होते. आबा मुलाच्या समोरच खुर्ची टाकून बसले आणि त्याच्या जबड्याकडे टक लावून राहिले. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय. पर गिळतंय. चावत न्हाई. दातांचं काम आतड्यावर ढकलणारा गडी संसारात बी कामं ढकलणार." लग्न झालं म्हणून बरं. जावई अजूनही आमच्याकडे आला की फक्त चहा घेतो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण शांताकाकी, म्हणजे आबांची बायको, गेल्यापासून त्यांनी एक नवीन कायदा काढला. दुपारी जेवणानंतर अंगणात आवाज बंद. का, तर त्यांची म्हैस चंद्री रवंथ करते. सकाळी भराभरा गिळलेलं उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं ती दुपारी निवांत तोंडात आणून चावते, आणि तेव्हा तिला शांतता लागते म्हणे. मिक्सर लावला की आबा खिडकीतून डोकावायचे. कुकरची शिट्टी झाली की, "कोण हाय रं ते?" टीव्ही तर मी मुका करून बघायची. नोकरी ह्यांची, घर आमचं आणि वेळापत्रक म्हशीचं.

शेवटी मी ह्यांना सांगितलं, "मधे उंच पत्रे मारा. नाहीतर मी पलूसला खोली बघते." पत्रे आले. सोमवारी गडी येणार होते.

रविवारी काकींचं वर्षश्राद्ध झालं. सोमवारी सकाळी मी पत्र्यांचं सांगायला आबांच्या गोठ्यात गेले. चंद्री बसलेली होती. तिची डावी कूस फुगली होती, डोळे मलूल होते. आबा शेणात गुडघे टेकून तिच्या कुशीला कान लावून बसले होते.

"आत गप हाय सगळं," ते म्हणाले. "एरवी ढगावानी वाजतंय. आज काय बी वाजंना."

"काय खाल्लं हिनं?"

त्यांनी तिच्या कुशीवरून कान उचलला. मग म्हणाले, "पुरणपोळ्या. भात. मीच घातलं."

माझा विश्वास बसेना. मी एकदा ओंजळभर शिळा भात गव्हाणीत टाकला, तर ह्याच माणसानं मला आठवडाभर ऐकवलं होतं.

"शांता आधी हिला चतकूर भाकरी द्यायची, मगच सोता खायची," आबा म्हणाले. "तिनं म्हायेराहून, पाटणहून आणलेली ही. रेडी हुती तवा. काल कावळा शिवला, पर माझं मन भरंना. वाटलं, हिच्या तोंडी गेलं तर तिला पावंल. चतकुरावर हात थांबला न्हाई, सूनबाई. पाटीभर घातलं."

मी ह्यांना डॉक्टर आणायला पिटाळलं. गुरांच्या डॉक्टरांनी नळी घालून औषध पाजलं, सुई दिली आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत रवंथ धरला तर वाचली." पत्रे मारायला आलेल्या गड्यांना मी परत पाठवलं.

आम्ही बसून राहिलो. तेव्हा मला गोठ्याच्या कोपऱ्यात एक पाट दिसला. शेजारी पाण्याचा तांब्या, कोनाड्यात मिठाची वाटी, खुंटीला भाकरीची दुरडी.

"आबा, तुम्ही इथं जेवता?"

"व्हय." त्यांनी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. "घरात एकटाच चावाय लागलो की आपल्याच दातांचा आवाज कानात घुमतोय. घास खाली उतरत न्हाई. हितं मी चावतो, ही बी चावती. कुणीतरी पंगतीला हाय आसं वाटतंय. तुझा तो मिक्सर लागला की हिचं चावणं आयकू येत न्हाई, मग माझं जेवण तितंच थांबतंय."

वर्षभर मी ज्या शांततेवरून दात-ओठ खात होते, ती म्हशीसाठी नव्हतीच. चंद्रीनं रवंथ सोडला तसं कालपासून आबांनीही काही खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं.

उन्हं कलली तेव्हा चंद्रीनं मान लांब केली. गळ्यातून एक गोळा वर सरकला आणि तिचा जबडा हलला. एकदा, मग पुन्हा. आबांनी टॉवेलनं आधी तिचं तोंड पुसलं आणि मग त्याच टॉवेलनं आपले डोळे.

मी घरी जाऊन दोन ताटं वाढून आणली, भाकरी आणि आमटी. एक त्यांच्यापुढे ठेवलं आणि दुसरं घेऊन तिथंच बसले. मलाही सपाटून भूक लागली होती.

पहिल्या घासालाच आबांनी मान वर केली. "गिळू नको, सूनबाई. चाव."

पत्रे अजून भिंतीला टेकून आहेत. त्यांची सावली लिंबावर पडत होती, म्हणून आबांनी ते मलाच हलवायला लावले, आणि त्यात माझी कंबर आखडली. त्यांच्यावर मी रोज चिडते. मिक्सर मात्र सकाळीच उरकते. दुपारी भांडी घासता घासता हात थांबवते आणि भिंतीपलीकडे गोठ्यात दोघंही चावतायत ना, तेवढं कान देऊन ऐकते.