सुभेदारांच्या कंबरेचा व्यायाम

दुखणं पुरुषाचं असलं की ते सगळ्या घराचं असतं. बाईचं असलं तर ते तिचं तिनं उरकायचं असतं. या नियमाची अंमलबजावणी आमच्या सातारा-सांगलीकडं फार चोख होते.

त्यानुसार पलूसकडचे रिटायर सुभेदार लालासाहेब यांची कंबर आठ वर्षं दुखत होती आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. (त्यांच्या बायकोची, बनुबाईंची, त्याआधीपासून दुखत होती. ते फक्त बनुबाईंना ठाऊक होतं.) मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढला, गोळ्या बदलल्या आणि शेवटी फिजिओवाल्या अंकिताकडं धाडलं. तिनं व्यायाम दाखवले: पाठीवर निजून गुडघे छातीशी घेणे, कंबर उचलून पूल करणे, रांगत्या पोरासारखं होऊन पाठ वर-खाली करणे. रोज अर्धा तास, कायमचे.

रांगणं सुभेदारांच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं. (सैन्यात ते कोपरांवर सरपटले होते, पण त्याची पेन्शन मिळते.) मग घरच्या रीतीनं मार्ग निघाला. त्यांच्या आयुष्यासाठी वटपौर्णिमा बनुबाई धरत, त्यांच्या रक्तातल्या साखरेसाठी सोमवार बनुबाई धरत, औंधच्या यमाईला त्यांनी बोललेला नवसही अनवाणी जाऊन बनुबाईंनीच फेडला होता. सबब व्यायामही त्याच खात्याकडं वर्ग झाला.

रोज सकाळी घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजी पडे. बनुबाई आडव्या होत. सुभेदार खुर्चीत बसून चहा पीत देखरेख करत. तेवढ्या वेळात सुनांनी हाक मारायची नाही, म्हशीनंसुद्धा हंबरायचं नाही. काम मालकांच्या कंबरेचं होतं. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी पाठ टेकायची बनुबाईंची ही पहिलीच वेळ. (बाळंतपणं धरलेली नाहीत.)

तीन महिन्यांनी अंकितानं तपासलं. सुभेदारांचा हात गुडघ्याखाली जाईना.

"काका, व्यायाम करता ना?"

"एक दिस चुकला न्हाई. इचारा हिला."

बनुबाईंनी लगेच खाली निजून सगळे व्यायाम सरसर करून दाखवले. अंकिता बघतच राहिली.

"अहो काका, दुखणं तुमचं आणि व्यायाम काकूंचा?"

"मग? माझं सोमवार हीच धरती. साखर उतरली का न्हाई?"

"ती गोळीनं उतरली. उद्यापासून तुम्हीच करायचं. काकूंनी नाही."

बनुबाईंची मोकळी झालेली कंबर, ती सतरंजी, कुणी हाक न मारलेला अर्धा तास, सगळं त्या पोरीनं एका दमात जप्त केलं होतं. आणि सुभेदार चक्क विचारात पडलेले दिसत होते! बनुबाईंनी पदर सावरला आणि अख्ख्या संसारात पहिल्यांदाच राजीखुशीनं चूक अंगावर घेतली.

"आवं, मीच कमी पडले. मन लावून केलं न्हाई. आता दोन येळा करते."

"बघा," सुभेदार अंकिताला म्हणाले, "मी तेच म्हणणार व्हतो."

हल्ली संध्याकाळीही सतरंजी पडते. सुभेदारांची कंबर आहे तशीच आहे, त्यामुळं व्यायाम बंद पडायची भीती नाही.

वाचणाऱ्या पुरुषमंडळींना सुभेदार येडे वाटले असतील. वाटू द्या. तुमच्या घरात आज उपास कुणाचा आणि तो कुणाच्या नावानं, एवढं फक्त बसल्या जागेवरून हाक मारून विचारा. ओ आली नाही तर ओरडू नका. ती तुमच्यासाठीच आडवी झाली असेल.