सुदामकाकांना सपाट जागेचा शक येतो

आमचे शेजारी सुदामकाका चांगल्या सडकेवर जीप घालत नाहीत. साखऱ्याहून सेनगावला सरळ डांबरी सडक आहे, पण काकांची जीप नाल्यातून, खडकांवरून, जुन्या खदानीच्या डोंगरावरून जाते. मी एकदाच बसलो. डब्यातलं वरण माझ्या खिशात आलं. काहून असं, म्हणून विचारलं तर म्हणाले, “सडक लई सपाट हाय. शक येतो.”

त्यांना सगळ्याचाच शक. पंपावर डिझेल भरलं की बोट बुडवून वास घेणार. आमच्या घरचा चहासुद्धा आधी मला प्यायला लावणार. बायको कधीची वारली, पोरबाळ नाही, त्यामुळं टोकणारंही कुणी नाही.

मग मलाच त्यांचा शक यायला लागला. दर रविवारी तांबडं फुटलं की जीप खदानीकडं. गिट्टीची ती खदान कधीच बंद पडलेली, तिथं या माणसाचं काय काम? कुणी म्हणे चोरीचं डिझेल लपवलंय, कुणी म्हणे मोहरांचा हंडा सापडलाय. आमच्या गल्लीतली पोरं तिथंच क्रिकेट खेळतात, माझा पोरगाही त्यांच्यात. काका त्यांना शिव्या देऊन हाकलत, पण ती कुठली ऐकतात!

एका रविवारी मी मागोमाग गेलो. पाहतो तर काय, काका खदानीच्या तळात मळणीच्या बैलासारखी जीप फिरवून राहिले. हातभरसुद्धा जागा सोडेनात. मी जीपच्या आडवा गेलो. आज खरं काय ते सांगा, म्हणालो.

माझ्यामागं कुणी नाही ना, हे काकांनी आधी बघून घेतलं. मग सांगितलं. खदान चालू होती तेव्हा सुरुंग लावायचं काम त्यांचं. शेवटच्या दिवशी एक सुरुंग उडालाच नाही. मालक म्हणाला, उडाला, तुला वहीम आहे. आणि मशीन लावून सगळी जागा सपाट करून टाकली. आता तो सुरुंग कुठं दबलाय कुणाला ठाऊक.

“पोरं ऐकत न्हाईत,” काका म्हणाले. “मंग ती यायच्या आदी जीप फिरवतो. उडायचा तर माझ्याखाली उडू दे.”

डोंगराखालून पोरांचा गलका ऐकू येत होता, आणि अर्धी जागा अजून राहिली होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी चढून त्यांच्याशेजारी बसलो.

काकांनी जीप बंद केली.

“उतरा,” ते म्हणाले. “तुमची वाट पाहणारं घरी माणूस हाय.”

मी उतरलो आणि पोरांना अडवायला उताराकडं पळालो. मागं जीप पुन्हा सुरू झाली.