तिसऱ्या झाडाची पाटी

समितीची गाडी विद्यापीठाच्या फाटकातून आत वळली आणि नेमक्या त्याच घटकेला उद्यान अधीक्षकांना अंजिराच्या बुंध्यावर ‘निलगिरी’ अशी पाटी दिसली.

“मुकादम, हे काय?”

“पाटी, साहेब.”

“ते दिसतंय! अंजिरावर निलगिरी?”

“यादीबरहुकूम लावल्यात. पहिल्या झाडाला पहिली, दुसऱ्याला दुसरी. आपण आपलं डोकं चालवलं नाही.”

अधीक्षकांनी झाडांच्या ओळीवरून नजर फिरवली. यादीतली तिसरी, ती निलगिरी, गेल्या वर्षी वादळात आडवी झाली होती. म्हणजे तिथून पुढं प्रत्येक झाड शेजाऱ्याच्या नावानं उभं होतं.

“अहो, पण पाट्या चाळीस, झाडं एकोणचाळीस. शेवटची कुठंय?”

“दिव्याच्या खांबावर. वाया कशाला घालवायची?”

अधीक्षक सहा वर्षं हंगामी होते. आज समितीचा शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर घरी. आणि समितीच्या अध्यक्षबाई वनस्पतिशास्त्राच्या.

“काढा सगळ्या! पळा!”

“निघायच्या नाहीत. पोरं उपटतात म्हणून तुम्हीच पक्क्या चिकटवायला सांगितल्यात.”

गाडी थांबली. अधीक्षक धावले.

“बाई, आधी कारंजं बघू या.”

“ते बंद आहे.”

“बंद असलं की जास्त खुलतं, बाई.”

बाई सरळ झाडांकडे निघाल्या. अधीक्षकांनी अंजिराला पाठ लावली आणि फोटो काढून घेणाऱ्या नवरदेवासारखे ताठ उभे राहिले.

“बाजूला व्हा.”

ते झाले. बाईंनी पान चुरगळलं, हुंगलं.

“हे अंजीर आहे.”

“हो, बाई.”

“पाटी निलगिरीची आहे.”

“हो, बाई.”

मुकादम बुटाच्या नाडीकडे वळले. त्यांच्या पायात चपला होत्या.

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. “ही मूळ यादी. दहा वर्षांपूर्वी मी स्वतः केलीय, सही माझी आहे. तिसरं झाड निलगिरी. हे कितवं?”

अधीक्षकांनी बोट दाखवत मोजलं. “तिसरं, बाई.”

“मग पाटी बरोबर आहे. झाड चुकलंय.”

वादळाची हकीकत अधीक्षकांच्या ओठांपर्यंत आली. तेवढ्यात बाईंनी शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं.

“बदलून घेतो, बाई,” ते म्हणाले.

अधीक्षक त्याच महिन्यात कायम झाले. झाडं मात्र तेव्हापासून हंगामी आहेत.