नववी ड या परगण्यास जाग आली त्याची हकिकत

श्रीशारदेस दंडवत, फळ्यास दंडवत, आणि शेवटल्या बाकास सर्वांहून वाकून दंडवत. शके १९४५, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, त्याचे शाळेत नववी ड म्हणोन परगणा होता आणि त्याचा अंमल गणिताच्या कुसुमबाई नाईकनवरे यांजकडे होता. बाई विद्येने थोर, आवाज खणखणीत. परंतु परगणा वश होईना. बाईंनी फळ्यावर वर्तुळे काढावी आणि रयतेने बाकांवर माना टाकाव्या. बाईंनी रागे भरून पाहिले, उभे करून पाहिले, मग गोडीनेही सांगून पाहिले. रयत ढिम्म हलेना. बाई घरी जाऊन कष्टी होत आणि मनी म्हणत, आपलीच विद्या खोटी की काय?

ऐसे चालले असता शेवटल्या बाकावरील झेलम शिरतोडे खिडकीबाहेर पाहत बसली, ते बाईंचे नजरेस आले. बाईंनी पुसिले, "झेलम, बाहेर काय आहे एवढं?" मुलगी उभी राहोन निर्भयपणे बोलती जाहली, "पाण्याची टाकी आहे, बाई. दुपारीच पाणी संपतं, संडासात थेंब नसतो, मग आम्ही मुली घरी जातो. बाबा म्हणतात, अर्ध्या दिवसासाठी कशाला जायचं, संक्रांतीनंतर घरीच राहा. मग हे वर्तुळ घेऊन मी काय करू?" बाईंस वर्मी लागले, की आपण इतके बोललो, परंतु यांस कधी पुसिले नाही. मग खडू ठेवून म्हणाल्या, "टाकीत पाणी मावतं किती आणि संपतं का, हे मलाही ठाऊक नाही. चला, बघू."

मग अवघा परगणा गच्चीवर चालोन गेला, आणि गोल टाकीस दोरीचा वेढा देऊन घेर मापिला, आणि उंची मापिली, आणि बाईंनी तेथेच भिंतीवर हिशेब मांडिला. तों झेलम ओरडली, "बाई, ही त्रिज्या नाही, व्यास आहे!" सारे हसले आणि बाईही हसल्या आणि चूक दुरुस्त केली. शाळेचा रोजचा खर्च धरता हिशेब म्हणे, भरली टाकी संध्याकाळपर्यंत पुरावी. मग नौशाद मुल्ला नामे उंच मुलाने बांबू आत सोडिला, तो निम्म्यातच अडला. "बाई, खाली नुसता गाळ आहे!" मग हेडमास्तरांनी टाकी उपसविली, आणि पाणी शाळा सुटेतों पुरू लागले, आणि मुली दिवसभर राहू लागल्या.

झेलमचे वडील स्वतां पाहावयास आले. "हे हिनं शोधलं?" झेलम म्हणाली, "सगळ्यांनी, बाबा. बाईंचं तर आधी चुकलंच होतं." वडील हसले, आणि बाईंस हात जोडून म्हणाले, "राहू द्या तिला शाळेत." बाईंचे डोळे भरोन आले. मग मुलीस जवळ घेऊन बोलल्या, "त्या दिवशी तू बोललीस, फार उपकार झाले गं तुझे." मुलगी लाजून म्हणाली, "उपकार कसले, बाई? तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं."

येणेप्रमाणे वर्तमान घडले. लोक म्हणत, बाईंनी नववी ड जिंकिली. बाई म्हणत, तसे नव्हे; त्या मुलांनी मज पदरी घेतले.