साळिंदराची न दिसणारी बाग

समुद्रापलीकडच्या एका जंगलात, बाळांनो, पांढरे हत्ती जहाजातून उतरले. उतरले ते उतरले, आणि राजेच होऊन बसले. हत्तीला कोण विचारणार, की बाबा, तू कोणाचा?

हत्तींनी डोंगर साफ केला आणि रबराची झाडं लावली. सरळ रांगेत. खाली गवताची काडी ठेवली नाही. रोज झाडून घ्यायचे. झाडाला चीर दिली की पांढरा चीक गळायचा, त्याचं रबर व्हायचं. परदेशात त्याला फार मागणी. तिकडे सगळ्यांना चाकांवर गरगर फिरायचं वेड लागलं होतं.

मग दवंडी पिटली. "रबर हत्तींनीच लावायचं. बारक्या जनावरांनी भात पिकवायचा. बारक्यांकडे रबर दिसलं, तर झाडं मुळासकट उपटू."

"का हो साहेब?" बिडीन नावाच्या साळिंदरानं विचारलं.

"तुमच्या भल्यासाठी," मोठा हत्तीसाहेब म्हणाला. "शिवाय आमच्या मजुरांना भात लागतो."

बिडीनची बायको तिमाह. तिचं छप्पर झावळ्यांचं, पावसात नेमकं चुलीवर गळायचं. भातानं पोट भरायचं, पण पत्रा काही यायचा नाही. म्हणून बिडीननं खाली भात लावला आणि घरामागच्या चढावर गुपचूप रबर. एक केळीत, एक फणसाआड, बी पडेल तिथं. आपल्याच काट्यानं चीर द्यायचा, खाली करवंटी बांधायचा, आणि रबर होडीवाल्या बगळ्याला विकायचा. गवत मात्र काढायचा नाही.

"अहो, बाग आहे का उकिरडा?" तिमाह म्हणायची. "हत्तींचं बघा, कसं लख्ख."

"उद्या काढतो." उद्या भाताचं काम निघायचं, नाहीतर झोप यायची.

एक दिवस हत्तीसाहेब तपासणीला आला. बिडीनचे सगळे काटे ताठ उभे राहिले.

साहेब थेट चढावर शिरला. वेलीत पाय अडकला. डोक्यावर फणस पडला. धडपडत टेकला तो रबराच्याच झाडाला. करवंटी कलंडली, चीक पाठीवरून ओघळला.

"हे पांढरं काय?"

"पाखरं फार झालीत, साहेब," तिमाह म्हणाली आणि केळीच्या पानानं पुसू लागली.

"इथं तुमची रबराची बाग आहे म्हणे?"

"तुम्हीच बघा, साहेब."

"काय बघू? रांग नाही, झाडलोट नाही. बाग अशी असते का? हे तर रान. बिडीन, तू आळशी आहेस."

"आहे खरा," बिडीन म्हणाला. तिमाहनंही मान हलवली. तिचं ते जुनंच म्हणणं होतं.

साहेब निघाला, तर शेपटीला चिकाची दोरी चिकटलेली. ती ताणत ताणत कुंपणापर्यंत गेली आणि फट्टकन सुटून मागच्या मागे साहेबालाच बसली.

"तुमच्याकडचं गवतसुद्धा चिवट," साहेब म्हणाला आणि गेला.

मग मोठा पाऊस आला. हत्तींच्या झाडून लख्ख केलेल्या डोंगराला धरून ठेवायला गवतच नव्हतं. माती सुटली, झाडांच्या रांगांच्या रांगा उखडून निघाल्या, आणि चिखलावर बसून, सोंड वर करून, हत्तीसाहेब घसरत घसरत थेट बिडीनच्या अंगणात आला. बिडीनचा चढ गवतानं घट्ट धरला होता, जागचा हलला नाही.

साहेब वळचणीला उभा राहिला. डोक्यावर कोरा पत्रा ताडताड वाजत होता.

"पत्रा कुठून आला रे?"

तिमाह म्हणाली, "यांच्या आळसातून, साहेब."

साहेब खूप हसला. मग गरम भात खाल्ला, कानातला चिखल काढला आणि प्रेमानं म्हणाला, "कष्ट कर, बिडीन. नाहीतर आमच्यासारखा कधी होणार नाहीस."

तात्पर्य : बाळांनो, बाग नेहमी स्वच्छ आणि सरळ रांगेत लावावी. म्हणजे काय उपटायचं ते राजाला लांबूनच दिसतं.